थांब, तुला तपासायचंय!

गणपतीत नाहीतर शिवजयंतीला तुमच्या गल्लीत रक्तदान शिबिर भरलेलं तुम्ही पाहिलं असेल. मांडवात ओळीनं खाटा. खाटेशेजारी सारखं डुलणारं एक छोटं यंत्र आणि त्यावर हळूहळू फुगत जाणारी पिशवी. दहाएक मिनिटांत पिशवी भरते. दाता चहा-बिस्किटं खातो, प्रमाणपत्र घेतो आणि घरी जातो.

आणि पिशवी? ती कुठे जाते?

तुम्ही म्हणाल, "त्यात काय! दवाखान्यात न्यायची, रक्तगट जुळतो का बघायचा आणि पेशंटला लावायची."

अंहं, एवढं सोपं नाही ते! रक्तपेढीत पोचलेली पिशवी आधी एका वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवतात. यातलं रक्त अजून तपासलेलं नाही, असं त्या फ्रिजवर ठळक लिहिलेलं असतं. सगळ्या तपासण्यांचे निकाल येईपर्यंत पिशवीला तिथून हलायची परवानगी नाही. बाहेर कितीही घाई असो, तिला एकच हुकूम असतो: थांब, तुला तपासायचंय!

तपासायचं काय? आपल्या देशात कायद्यानं प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या कराव्याच लागतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. हे पाचही आजार रक्तातून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. सिफिलिस होतो जिवाणूमुळे आणि मलेरिया एका परजीवीमुळे. ते दोघे आज बाजूला ठेवू. आजची गोष्ट आहे उरलेल्या तिघांची, म्हणजे विषाणूंची. कारण पकडायला सगळ्यात अवघड तेच.

अवघड का, ते बघा. हिपॅटायटिस बीचा विषाणू इतका बारीक असतो, की एका मिलिमीटरच्या अंतरात असे सुमारे 24 हजार विषाणू एकाला एक लागून बसतील. तुमच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसायचा नाही. दाता मांडवात अगदी ठणठणीत दिसत असतो, स्वतःच्या पायांनी चालत येतो. या तीन विषाणूंपैकी कोणताही शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. ना ताप, ना खोकला! मग अशा न दिसणाऱ्या पाहुण्याला शोधायचं कसं?

एक पांढरी रेघ

या शोधाची पहिली मोठी गोष्ट घडली ती चुकून. बरूक ब्लमबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ विषाणू शोधत नव्हतेच. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांच्या रक्तातली प्रथिनं एकमेकांपेक्षा किती वेगळी असतात, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून त्यांनी जगभरातून रक्ताचे नमुने जमवले होते.

आता त्यांची युक्ती ऐका. ज्या रुग्णांना पुन्हा पुन्हा दुसऱ्यांचं रक्त घ्यावं लागतं, त्यांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी तयार झालेल्या असतात. मग अशा रुग्णाचं रक्तद्रव आणि दुसऱ्या कुणाचं रक्तद्रव समोरासमोर ठेवलं तर? त्यांनी अगरच्या जेलीत छोटे खड्डे पाडले. अगर म्हणजे आपण खीर-पुडिंग घट्ट करायला वापरतो ते चायना ग्रास. एका खड्ड्यात रुग्णाचं रक्तद्रव, शेजारच्या खड्ड्यांत जगभरातली रक्तद्रवं. दोन्ही जेलीतून हळूहळू पसरतात. अँटीबॉडीला तिचं नेमकं प्रथिन भेटलं, की दोघं चिकटतात आणि मधोमध एक रेघ उमटते.

1963 मध्ये एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवानं अशी रेघ उमटवली. कुणासमोर? तर हजारो मैल दूर ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एका आदिवासी माणसाच्या रक्तद्रवासमोर! ब्लमबर्ग आणि त्यांचे सहकारी हार्वी आल्टर चक्रावून गेले. त्या अनोळखी पदार्थाला त्यांनी नाव दिलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. पण हा आहे तरी कोण?

उत्तर मिळायला आणखी काही वर्षं लागली. ब्लमबर्ग यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईंना बरं वाटेना. त्यांनी स्वतःचंच रक्त तपासलं, तर रेघ हजर! त्यांना कावीळ झालेली होती. इतर रुग्णांमध्येही असंच दिसत गेलं आणि कोडं सुटलं. 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणजे हिपॅटायटिस बी या विषाणूचं बाहेरचं आवरण होतं.

या विषाणूची एक खोड मोठी मजेशीर आहे. तो यकृतात शिरून स्वतःच्या प्रती काढतो तेव्हा आवरणं मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवून ठेवतो. खऱ्या एका विषाणूमागे हजारो रिकामी आवरणं रक्तात फिरत असतात. मिठाईच्या दुकानात पेढे चार आणि रिकामे खोके चार हजार, अशातली गत! या उधळेपणामुळेच तो पकडला जातो. रक्तपेढीत आजही हिपॅटायटिस बीसाठी हेच आवरण शोधतात.

गंमत इथे संपत नाही. ही रिकामी आवरणं वेगळी काढून त्यांची लस करता येईल, असं ब्लमबर्ग आणि त्यांचे सहकारी अर्विंग मिलमन यांच्या लक्षात आलं. रिकाम्या आवरणानं आजार होत नाही, पण शरीर ते ओळखायला शिकतं. आता हेच आवरण यीस्टकडून बनवून घेतात. बाळ जन्मलं की लगेच दिली जाणारी हिपॅटायटिस बीची लस ती हीच. तुमच्या लसीकरणाच्या कार्डावर बघा, सापडेल. ब्लमबर्ग यांना 1976 मध्ये नोबेल मिळालं आणि त्यांचा वाढदिवस, 28 जुलै, हा आता जागतिक हिपॅटायटिस दिन आहे.

'ए' नाही, 'बी' नाही, मग कोण?

चला, हिपॅटायटिस बी सापडला. आता रक्त सुरक्षित झालं म्हणायचं का?

हार्वी आल्टर यांना तसं वाटत नव्हतं. ते ज्या सरकारी रुग्णालयात काम करत, तिथे 1960च्या दशकात हृदयाचं ऑपरेशन होऊन रक्त घेतलेल्या दर शंभर रुग्णांपैकी तिसाच्या आसपास लोकांना नंतर यकृताचा आजार व्हायचा. 1970च्या सुमारास तिथे दोन बदल झाले. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचं रक्त घेणं बंद झालं आणि हिपॅटायटिस बीची तपासणी सुरू झाली. तिसाचा आकडा दहाच्या आसपास आला. केवढा फरक!

पण मग हे उरलेले दहा? त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी नव्हता. हिपॅटायटिस ए सुद्धा नव्हता. शास्त्रज्ञांनी हात टेकले आणि या आजाराला नाव दिलं 'ए-नाही-बी-नाही हिपॅटायटिस'. विश्वास बसणार नाही, पण पुढची कितीतरी वर्षं वैद्यकाच्या पुस्तकांत हेच नाव होतं.

तो विषाणू कुणालाच दिसत नव्हता. प्रयोगशाळेत वाढतही नव्हता. अखेर कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली. त्यांनी हाच आजार झालेल्या चिंपांझीच्या रक्तातला जनुकीय मजकूर घेतला, त्याचे तुकडे केले आणि ते तुकडे जिवाणूंमध्ये घातले. प्रत्येक तुकड्यापासून एकेक प्रथिन बनलं. मग त्यावर आजारी माणसाचं रक्तद्रव टाकलं. त्यातली एखादी अँटीबॉडी कुठल्या प्रथिनाला चिकटते का, हे बघत बसायचं! दहा लाखांच्या आसपास तुकडे तपासले तेव्हा एक तुकडा सापडला. फक्त एक. तो त्या लपलेल्या विषाणूचा होता. साल होतं 1989. विषाणूला नवं नाव मिळालं: हिपॅटायटिस सी.

आल्टर यांच्याकडे एक खास परीक्षा तयारच होती. त्यांनी बरेच नमुने जपून ठेवले होते. काही नक्की आजारी माणसांचे, काही निरोगी माणसांचे. नमुन्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक. "आम्हाला तपासणी सापडली" असं म्हणत कुणी आलं, की आल्टर हा संच पुढे करत. याआधी आलेले सगळे या परीक्षेत नापास झाले होते. हॉटन यांच्या चमूची तपासणी मात्र पास झाली! 1990 पासून अमेरिकेतल्या रक्तपेढ्यांत ती सुरू झाली, भारतात ती 2001 पासून सक्तीची झाली. 2020 मध्ये आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना नोबेल मिळालं. या नव्या विषाणूनंच आजार होतो, हे राइस यांनी पक्कं केलं होतं.

96 खळगे आणि एक पिवळा

आता रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत डोकावू या. शिबिरात रक्त देताना पिशवीबरोबर छोट्या नळ्यांतही थोडं रक्त घेतलेलं असतं. पिशवीवर, नळ्यांवर आणि दात्याच्या फॉर्मवर एकच क्रमांक. पिशवीवर दात्याचं नाव कुठेच नाही.

टेबलावर तळहाताएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची पाटी आहे. तिच्यात 8 गुणिले 12, म्हणजे 96 खळगे. प्रत्येक खळग्यात एकेका दात्याच्या रक्तद्रवाचा थेंब. काही खळगे मात्र राखीव: एकात विषाणूची खूण नक्की असलेला नमुना, दुसऱ्यात नक्की नसलेला. ते बरोबर आले नाहीत, तर अख्खी पाटी बाद!

या तपासणीचं नाव एलायझा. समजा एचआयव्हीविरुद्धची अँटीबॉडी शोधायची आहे. खळग्याच्या तळाला विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे आधीच चिकटवलेले असतात. ते निरुपद्रवी आहेत, घाबरू नका. वरून रक्तद्रव टाकायचं आणि पाटी 37 अंशांवर, म्हणजे आपल्या शरीराएवढ्या उबेत ठेवायची. दात्याच्या रक्तात ती अँटीबॉडी असेल तर तळाशी घट्ट चिकटेल. नसेल तर काहीच चिकटणार नाही.

मग पाटी धुवायची. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. इथे आळस केला, की निकाल चुकलाच समजा. न चिकटलेलं सगळं वाहून जातं. मग दुसरा थेंब: यातली अँटीबॉडी माणसाच्या अँटीबॉडीलाच जाऊन चिकटते आणि आपल्या पाठीवर एक विकर, म्हणजे एंझाइम घेऊन येते. हे एंझाइम कुठून मिळतं, ओळखा पाहू! हॉर्सरॅडिश नावाच्या वनस्पतीच्या तिखट मुळांतून. आपल्या मुळ्याची आणि मोहरीची ती नातलग.

पुन्हा धुवायचं. आता शेवटी एक रंगहीन द्रव घालायचं आणि पाटी अंधारात ठेवायची. जिथे एंझाइम आहे, तिथे द्रव निळं होऊ लागतं. एंझाइमचा एकच रेणू द्रवाचे हजारो रेणू बदलतो, म्हणून अगदी थोडी अँटीबॉडी असली तरी रंग दिसतो. मग आम्लाचा थेंब घालून क्रिया थांबवली, की निळ्याचं झालं पिवळं! यंत्र प्रत्येक खळग्याचा पिवळेपणा मोजतं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरला, तर तो नमुना 'रिॲक्टिव्ह'.

रिॲक्टिव्ह म्हणजे दाता आजारीच, असं नाही हं! कधी कधी तपासणी उगाचही संशय घेते. पण रक्तपेढी धोका पत्करत नाही. पिशवी नष्ट होते. दात्याला गुपचूप बोलावून समजावतात आणि खात्रीच्या तपासणीला पाठवतात. त्याचं नाव कुणालाही सांगत नाहीत.

एकाचे अब्ज

यात एक फट राहते. विषाणू शिरला, की अँटीबॉडी लगेच तयार होत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तीन आठवड्यांच्या आसपास वेळ जातो. हिपॅटायटिस सीला तर दोन महिन्यांहून जास्त लागू शकतात. तेवढ्या दिवसांत रक्तात विषाणू आहे, पण एलायझाचा खळगा कोरा! या काळाला 'विंडो पिरियड' म्हणतात.

म्हणून आली नॅट. ही तपासणी थेट विषाणूचा जनुकीय मजकूर शोधते. हिपॅटायटिस बीचा अख्खा मजकूर फक्त 3,200 अक्षरांचा आहे, आपला मात्र 300 कोटी अक्षरांचा. एवढ्या गर्दीत त्या विषाणूचा एखादा तुकडा कसा सापडणार? युक्ती अशी, की फक्त त्याच तुकड्याच्या नकला काढत सुटायचं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. वहीत 30 वेळा दुप्पट करून पाहा बरं. उत्तर येतं 1,07,37,41,824. शंभर कोटींच्याही वर! एवढ्या नकला झाल्यावर यंत्राला तो दिसतोच. एचआयव्हीची फट तीन आठवड्यांवरून दहा-अकरा दिवसांवर येते.

नॅट महाग असते. आपल्याकडे ती कायद्यानं सक्तीची नाही, पण बऱ्याच मोठ्या रक्तपेढ्या ती करतात. खर्च वाचवायला काही ठिकाणी एक जुनं गणित वापरतात. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत लाखो सैनिकांची सिफिलिसची तपासणी चालली होती. तेव्हा 1943 मध्ये रॉबर्ट डॉर्फमन यांनी सुचवलं, की प्रत्येकाचं रक्त वेगळं कशाला तपासता? थोडं थोडं एकत्र करून तपासा!

करून पाहू या. 60 नमुने आहेत आणि त्यात एकच रिॲक्टिव्ह आहे. सहा-सहाचे 10 गट करा. 10 तपासण्यांत कळेल कोणता गट दोषी. मग त्या गटातले 6 वेगवेगळे तपासा. झाल्या 16 तपासण्या, 60 ऐवजी! पण एक तोटा आहे. सहा नमुने मिसळले, की प्रत्येक नमुना सहापट पातळ होतो आणि अगदी थोडा विषाणू निसटू शकतो. म्हणून काही रक्तपेढ्या प्रत्येक नमुना वेगळाच तपासतात.

आता तुमच्यासाठी कोडं: 16 नमुने, त्यात नक्की एक दोषी. कसेही मिसळा. कमीत कमी किती तपासण्यांत तो हमखास सापडेल? (उत्तर: चार. दर वेळी निम्मे मिसळून तपासा.)

सुई टोचण्याआधीची तपासणी

तुमच्या मनात आलं असेल, एवढी खटपट कशाला? रक्तात औषध घालून विषाणू मारून टाकावेत की! रक्तातल्या द्रवापासून बनणाऱ्या काही औषधांच्या बाबतीत तसं करतातही. पण लाल पेशी नाजूक असतात. विषाणू मारायला जाल तर पेशीही मरतील. म्हणून शोधणं आलंच.

आणि एक पिशवी चुकून निसटली, तर त्रास एकालाच होतो असं नाही. एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे करतात. ते तीन वेगळ्या रुग्णांना जाऊ शकतात. थॅलेसेमिया झालेल्या मुलांचा विचार करा. त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावं लागतं. दर तीन आठवड्यांनी एक पिशवी धरली, तरी बारा वर्षांच्या मुलानं दोनशेच्या आसपास पिशव्या घेतलेल्या असतात. त्यातली प्रत्येक पिशवी चांगली असायला हवी. नव्व्याण्णव टक्के चालणार नाही.

नॅटनं फट लहान केली, बुजवली नाही. विषाणू शिरल्यानंतरचे पहिले काही दिवस असे असतात, की जगातलं कुठलंही यंत्र त्याला ओळखू शकत नाही. ते दिवस कोण ओळखू शकतो? फक्त एक जण. स्वतः दाता!

म्हणून तर सुई टोचण्याआधी त्याला लांबलचक फॉर्म भरायला देतात. कधी कावीळ झाली होती का? गेल्या वर्षभरात टॅटू काढला का? ऑपरेशन झालं का? कुत्रं चावल्याची इंजेक्शनं घेतली का? घाईत सगळीकडे 'नाही' लिहून टाकणारे असतात. मित्रांसमोर लाज वाटते म्हणून खरं न सांगणारेही असतात. पैशासाठी रक्त देणारा तर खरं सांगून कमाई का बुडवेल? आल्टर यांच्या रुग्णालयातला तो तिसाचा आकडा आठवा. भारतातही असे पैसे घेऊन रक्त देणारे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1 जानेवारी 1998 पासून हा प्रकार बंद झाला.

सगळे निकाल चांगले आले, की पिशवी दुसऱ्या फ्रिजमध्ये जाते आणि तिच्यावर रंगीत लेबल लागतं. ए गटाला पिवळं, बी गटाला गुलाबी, ओ गटाला निळं आणि एबी गटाला पांढरं. आता ती कुणाचाही जीव वाचवायला मोकळी.

रक्तदान करायला अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात. तुम्हाला अजून वेळ आहे. पण घरातलं कुणी शिबिराला निघालं, तर एवढं नक्की सांगा: फॉर्म नीट वाचा, खरं तेच लिहा, आणि थोडी जरी शंका असेल तर "या वेळी नको, पुढच्या वेळी देतो" असं सांगून परत या. यात कमीपणा काहीच नाही. खरं बोलून परत आलेला दाताही पेशंटचा जीवच वाचवत असतो.